आधी फोन, मग ताट

ब्रोन्या वोय्तासिक माझी शेजारीण. अमेरिकेत एरी सरोवराच्या काठी आमची दोघींची घरं, मध्ये एक कुंपण, तेही तिनेच ठोकलेलं. तिचा नवरा गेला तेव्हा चर्चमधल्या बायका रडायला आल्या, तर हिने त्यांना बटाटे सोलायला बसवलं.

ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले की दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिएरोगी होतात. करंजीसारख्याच, पण आत बटाटा आणि चीज, आणि तळायच्या नाहीत, पाण्यात उकडायच्या. त्या स्वयंपाकघरात ब्रोन्याचा शब्द फादरच्याही वर. मीही कडा मिटवायला बसते. हात चालू असताना मनात देवाचं नाव असलं म्हणजे झालं. कुठल्या देवाचं, ते ब्रोन्याने कधी विचारलं नाही.

तिची धाकटी बहीण याद्विगा पोलंडमध्ये, अगदी पूर्वेच्या सीमेजवळ राहते. गावाबाहेर अमेरिकी सैन्याचा तळ. दर रविवारी फोनवर तिचं एकच, "तुमची पोरं राहणार ना गं इथे?" यंदा ती पोरं परत बोलावण्याचा ठराव वॉशिंग्टनला आला आणि ब्रोन्याचं जेवणावरून लक्ष उडालं.

आमचे खासदार हचेन्स निवडणुकीच्या वर्षी तळघरात येतात, ॲप्रन बांधतात, एक पिएरोगी मिटवतात आणि फोटो काढून जातात. यंदाही आले.

"कुठाय माझा ॲप्रन, ब्रोन्याबाई?"

"आधी सांगा, मंगळवारी त्या ठरावावर मत कुणीकडे?"

त्यांनी जेवणाच्या रांगेकडे हात केला. "या लोकांना पेट्रोलचा भाव छळतो, बाई. पोलंड नाही. मला निवडून हे देतात, तुमची बहीण नाही."

"मीही इथेच मत देते."

"तेवढं एक गेलं तर सोसेन मी!"

रांग हसली. सगळ्यांत मोठ्याने स्तास. पोलादाच्या कारखान्यात जन्म घालवलेला म्हातारा, नातू त्याच तळावर. "परत आणा हो माझ्या पोराला! युरोपवाल्यांचं त्यांनी बघावं."

ब्रोन्याने ॲप्रनची घडी घालून काखेत मारली. फोटो ॲप्रनशिवाय निघाला.

मंगळवारी हचेन्सनी सैन्य परत आणण्याच्या बाजूने मत दिलं आणि ठराव पुढे सिनेटकडे गेला. याद्विगाला कळवायला ब्रोन्याने फोन उचलला, तसाच खाली ठेवला. "काय सांगू तिला? आम्ही हात टेकले म्हणून?"

शुक्रवारी ती तळघराच्या दारातच उभी. हातात पुठ्ठा, त्यावर आमच्या सिनेटरच्या कचेरीचा नंबर.

"आधी फोन, मग ताट."

"अगं, भूक लागलीय!"

"मग लवकर लाव."

स्तास भडकला. "मी नाही करणार. मला माझा नातू घरी हवाय."

"मग तेच सांग. पण सांग! हचेन्सला वाटतं, तुला नुसतं पेट्रोल कळतं."

स्तासने पुटपुटत नंबर लावला. "मी स्तास बोलतोय. माझा नातू तिकडे आहे. तो परत यावा असं मला वाटतं." जरा थांबला. "पण तो म्हणतो, पोलंडमधल्या म्हाताऱ्या मला बोलावून बोलावून जेवायला घालतात, त्यांना असं टाकून कसा येऊ. मला काही सुधरत नाही. तुम्ही नीट विचार करा, एवढंच."

ब्रोन्याने त्याच्या ताटात भरपूर वाढलं आणि वरून परतलेला कांदा घातला.

तेवढ्यात फादर खाली आले. "ब्रोन्या, देवाच्या घरात राजकारण? हे बंद कर, नाहीतर स्वयंपाकघराची किल्ली दे."

"खासदार फोटो काढून गेले, तेव्हा काय कीर्तन चाललं होतं, फादर?"

फादर लालबुंद झाले. त्यांनी हात पुढे केला.

तिने खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "घ्या. पीठ मात्र मी मळलंय. चला गं, उचला पातेली."

आम्ही उचलली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, रागावू नकोस बाबा. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ होता. तिथेच गॅसची मोठी शेगडी मांडली. रांग कुरकुरत, टोप्या ओढत मागोमाग आली, अर्ध्यांच्या कानाला फोन.

"ब्रोन्या, सिनेटरच्या कचेरीतली मशीन म्हणते, निरोप ठेवायला आता जागाच नाही!" कुणीतरी ओरडलं.

"मग सोमवारी परत फोन करा," असं म्हणत तिने शेगडी पेटवली.