सॅम्युएलच्या गुलाबाचा खरा रंग

१३ डिसेंबर २०२५, शनिवार. भिंगार. सकाळी कडाक्याची थंडी. नळाला पाणी वेळेवर आलं. शेजारच्या सॅम्युएलचा गुलाब आज कागदावर उतरला. सविस्तर लिहिते, माझं मन अजून नाचतंय.

सॅम्युएलचा जन्म छावणीतल्या बंगल्यांना रंग देण्यात गेला. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून गुलाब लावले. दोन जातींचा संकर करून, बी धरून, त्याने स्वतःचा एक गुलाब तयार केला. रंग जर्दाळूचा, पाकळीच्या कडेला पुसट गुलाबी. यंदा त्याचं पहिलं फूल पूर्ण उमललं. गुलाबप्रेमी मंडळात नवी जात नोंदवायची तर खऱ्या रंगाचा छापील फोटो लागतो. उद्या शेवटची मुदत, आणि मंडळाचा गोरक्षनाथ आज संध्याकाळीच अर्ज घेऊन पुण्याला निघणार होता. फूल तर कोमेजायला लागलेलं. गुलाबाचं नाव सॅम्युएलने आधीच ठरवलं होतं: बायकोचं, नॅन्सी.

मी गेले तेव्हा टेबलावर प्रिंटरशेजारी छापलेल्या फोटोंचा ढीग होता. सगळी फुलं जांभळट.

“बघा ताई ह्यांचं प्रेम,” मटार सोलता सोलता नॅन्सी म्हणाली. “नाव माझं आणि रंग वांग्याचा.”

“तू जरा गप बस गं.”

“साखरपुड्याची साडीही अशीच आणली होती. दुकानात मोरपंखी, घरी आल्यावर काळी.”

सॅम्युएलने ग्लासातलं फूल कॉम्प्युटरच्या पडद्याशेजारी धरलं. “ताई, इथे रंग बरोबर जुळतोय ना? मग हे मशीन खोटं का बोलतंय?”

पडद्यावर जुळेपर्यंत तो निळा रंग वाढवायचा आणि अख्खा कागद छापायचा. शाई ओली असतानाच उचलून बघायचा आणि कपाळाला हात लावायचा.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज सकाळी रुमाल तपासायच्या. तेव्हापासून पांढराशुभ्र रुमाल माझ्या कमरेला असतोच. मी सॅम्युएलला पडद्यावर कोरं पान उघडायला सांगितलं आणि शेजारी रुमाल धरला. पान साईसारखं पिवळसर दिसत होतं.

नॅन्सीचे हात थांबले. “अगोबाई, ते मीच केलंय. मालिका बघताना डोळे चुरचुरतात, म्हणून मोबाईलवर रात्री करतात तसा पडदा पिवळा करून ठेवला.”

पडदाच पिवळा, म्हणून सॅम्युएल निळा ओतत होता, आणि मशीन बिचारं सांगितलेलं इमानाने छापत होतं.

“आता मशीनची माफी मागा,” नॅन्सी म्हणाली.

“तू आधी माग.”

पिवळेपणा काढला. हात न लावलेला मूळ फोटो उघडला. कागद चकचकीत असून मशीनला साधा सांगितला होता, तेही सुधारलं. सॅम्युएल पुन्हा अख्खा कागद छापणार, तेवढ्यात मी विचारलं, “बंगल्याची सगळी भिंत रंगवून मग साहेबांना रंग दाखवायचास?”

तो मोठ्याने हसला. “पट्टी मारायचो ताई. वाळू द्यायची, मग दिवसाच्या उजेडात बघायची.”

मग एकाच कागदावर फुलाच्या अरुंद पट्ट्या छापल्या, प्रत्येकीत किंचित फरक ठेवून. त्या वाळेपर्यंत कोणालाच बसवेना. तेवढ्यात फुलाची एक पाकळी गळली आणि सॅम्युएलचा चेहरा उतरला. त्याने ती तळहातावर घेतली, व्हरांड्यात गेला आणि एकेका पट्टीवर ठेवून बघू लागला. मधल्या पट्टीवर ठेवली तेव्हा मला पाकळीची कडच दिसेना.

त्याच रंगात मोठा फोटो छापला. तो वाळतोय तोवर गोरक्षनाथची मोटरसायकल दारात आली. नॅन्सीने फोटो दोन्ही हातांनी धरला, नीट बघितला आणि म्हणाली, “हां. आता लावा माझं नाव.”

सॅम्युएलने अर्जावर नाव लिहिलं. गोरक्षनाथने अर्ज आणि फोटो घेतला आणि तो पुण्याला निघाला.

दुपारभर मी तिकडेच होते. दूध तापवायचं राहिलं, ते नासलं. उद्याचा चहा कोरा.