राखणीच्या कोंबड्याचे पाय

कणकवलीच्या एसटी स्टँडवर आईने माझ्या हातात टोपली दिली. आत तीन महिन्यांचा कोंबडा, वरून फडकं बांधलेलं. घर बंद करून आली होती, पण एकदाही मागे वळून बघितलं नाही. मीही नाही. माझं रडून झालं होतं बावीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा. या वेळी सीटवर बसल्या बसल्या भजी खाल्ली.

दादा, वहिनी, तुमच्यासाठी लिहितेय, आणि आपल्या वाडीतले जे जे मुंबईला येऊन चिकटले त्यांच्यासाठीही. फोनवर मी 'सगळं झकास' म्हणते ना, ते काही खरं नाही.

बाबा गेल्यावर आईला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. दादा, तुझ्या ब्लॉकवर कोंबडा पाळायला सोसायटीची परवानगी नाही. आमची बैठी चाळ, मागे मोरीला लागून वावभर, दोन हात पसरले की संपते एवढी जागा. म्हणून ती लेकीच्या दारात आली. माझ्यासाठी नाही, कोंबड्यासाठी. इकडे जन्मलेल्या पोरांसाठी सांगते, गावी दरवर्षी घराच्या हद्दीवर राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा देतात, ती राखण. कोंबडा आपल्याच परसातला हवा आणि अंगाने धड हवा. बाबांनी कधी विकतचा दिला नाही. आपल्या हातचा कोंबडा राखणीला गेला की बंद घरसुद्धा आपलंच राहतं, असं आईचं म्हणणं. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती जेवत होती, उठत होती.

गावी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, राखेत लोळायची. इथे राख कुठली? आमच्याकडे पाइपचा गॅस. ह्यांचं रंगकाम, त्यांच्या परांचीचा एक जुना बांबू होता, तोच आडवा टाकला बसायला. दिवाळीनंतर कोंबड्याचे पाय जाड दिसायला लागले. खवले उचललेले, मधून पांढरी भुकटी. तो सारखा पाय झटकायचा. राखण महिन्या-दीड महिन्यावर आली होती.

बाबा असल्या पायांना खोबरेलात रॉकेल घालून लावायचे. मला वास आठवला, प्रमाण आठवलं नाही. रॉकेल तर रेशनवर बघून किती वर्षं झाली. घरात ह्यांचं टर्पेंटाइन होतं. म्हटलं, वास तर तसाच आहे. आई देवळात गेली होती तेव्हा डब्यात ओतलं आणि त्याचे दोन्ही पाय बुडवून धरले. नुसतं टर्पेंटाइन, तेलाचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटली होती आणि तो एका पायावर उभा होता.

"काय लायलंस गो त्याच्या पायाक?" आईने विचारलं. मी सांगितलं.

जनावरांच्या डॉक्टरकडे पिशवीतून नेला. तिथे सगळे कुत्रेवाले. डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट बघितलं. म्हणाल्या, खवल्यांखाली डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांना जाळायचं नसतं, गुदमरवायचं असतं. जखमेचं मलम दिलं. ती भरली की कोमट साबणपाण्यात पाय भिजवायचे, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायचे, खवले ओढायचे नाहीत, कोरडे करून व्हॅसलीन थापायचं. दर दोन-तीन दिवसांनी, कित्येक आठवडे. बांबू फेकून नवा लावायचा, नाहीतर किडे पुन्हा चढतात.

सगळं केलं. आई त्याला मांडीवर घ्यायची, मी ब्रश चालवायची. कापायच्या कोंबड्याचे पाय आपण लहान मुलाच्या दातांसारखे घासतोय, हे मला कळत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. खवले सुटले, नवे गुळगुळीत आले. पण भाजलेलं एक बोट काळं पडलं आणि एका सकाळी गळून गेलं.

आईने पाय उलटा करून बघितला. "हो आता राखणेक चलाचो नाय," म्हणाली आणि त्याला खाली सोडला.

चूक माझी. ती मान्य करताना सुद्धा आतून काही हललं नाही, वाट लागली ती लागली.

दादा, मग तू गावी जाऊन बाजारातून कोंबडा घेऊन राखण दिलीस. फोनवर सांगितलंस, राखणदारापुढच्या गाऱ्हाण्यात 'सांभाळ' म्हणून सगळ्यांची नावं घेतली, आईचंही. तिने ऐकलं, फोन मला दिला. दोन दिवस गेले. मग तांदूळ निवडताना म्हणाली, "हयच्या राखणदाराक काय देतत?"

बावीस वर्षं इथे राहतेय. रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं. ही जागा कोण राखतं हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. शेजारच्या काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, चाळीच्या सेक्रेटरीला विचार.

आईने कोणालाच विचारलं नाही. रविवारी सकाळी मागच्या भिंतीशी केळीच्या पानावर भात ठेवला, नारळ फोडला. कोंबडा तिथेच लंगडत होता, त्याला हात लावला नाही. गाऱ्हाणं घातलं. जावयाचं नाव घेतलं, माझं घेतलं, मग जरा थांबून स्वतःचं घेतलं. गावचं घर त्यात आलं नाही. मी शेजारी हात जोडून उभी होते. रडू यायला हवं होतं, आलं नाही.

घर म्हणजे काय, ते मला अजून सांगता येत नाही. पण एका माणसाला दोन राखणदार नसतात, एवढं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा दादा, पुढल्या वर्षी तू गाऱ्हाणं घालशील, त्यात आईचं नाव घेऊ नकोस.