साहेब, जरा थांबा

स्टेज झाडायला चढण्याआधी आंटी चपला काढायची, फळीवर बोटांनी दोनदा टकटक करायची आणि पुटपुटायची, "येतेय हं मी." समोर तर कोणीच नसायचं. अशी स्वतःशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मीही तिला त्यांतलीच समजले.

सिंगापुरातल्या पुंगोल भागातल्या आमच्या हॉलची सफाई तिच्याकडे होती. साठी उलटलेली, गुडघे धरलेले, पण हुकूमत अशी, की तालीम रंगात आलेली असताना खुशाल पंखे बंद करायची. माझं डोकं फिरायचं.

इंग्रजांना सिंगापुरात येऊन दोनशे वर्षं झाली, त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने त्यावर नाटक करायचं ठरवलं. लिहिलं मीच, बसवलंही मीच. तिसरी घंटा, निळा प्रकाश, लाटांचा आवाज, रिकामा किनारा. मग इंग्रज साहेब होडीतून उतरतो. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

एका तालमीत आंटीने झाडू थांबवून विचारलं, किनाऱ्यावरची माणसं कुठायत?

तेव्हा इथे कोणी नव्हतं, असं मी घाईत सांगून टाकलं. फ्लॅट दाखवताना एजंटनेही मला पुंगोलबद्दल हेच ऐकवलं होतं.

"माझी आई इथल्याच खाडीत होडीवर जन्मली," ती म्हणाली. "तिची आईसुद्धा. मग आम्ही कोण?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग चहा पिताना तिने सगळं सांगितलं. तिचे लोक ओरांग सेलेतार, होडीतच संसार करणारे, साहेबाच्या कितीतरी आधीपासूनचे. खाडीत शिरताना तिथे आधी होऊन गेलेल्यांची परवानगी मागायची, ही त्यांची रीत; स्टेजवरची तिची टकटक त्यातलीच. आम्ही प्रयोगाआधी स्टेजवर नारळ वाढवतो, तसंच की. पण हे ती बाहेर कुठे बोलली नव्हती. तिच्या ऑफिसात जाणाऱ्या मुलीला त्याची लाज वाटायची. ओळखपत्रावर वंश मलय लिहिलाय ना, मग ते होड्यांचं कशाला उकरतेस, म्हणायची.

"मी गेले की संपलं हे," आंटी म्हणाली.

मी पहिला प्रवेश फाडला. किनाऱ्यावर आता तीच येणार होती. तिची अट एकच, मुलगी पहिल्या रांगेत हवी.

प्रयोगाला तिसरी घंटा झाली. आंटीने चपला काढल्या, टकटक केलं, तिच्या भाषेत परवानगी मागितली. मग आजीचं नाव घेतलं, आईचं घेतलं. तेवढ्यात आमचा साहेब, मूळचा पुण्याचा इंजिनियर, वेळेआधीच आत घुसला. तिने हात वर करून इथल्या इंग्रजीत त्याला थांबवलं. "वेट, लाह." आणि त्या पठ्ठ्याने संहितेत नसताना टोपी काढली. हॉल हसला, मग कान देऊन ऐकू लागला.

मुलगी मात्र मान खाली घालून निघून गेली. मला फार वाईट वाटलं. आंटीच माझी समजूत काढत होती, ऐकलंय ना तिने, मग होईल सावकाश.

दिवाळीच्या तोंडावर आंटी अचानक गेली. दुसरा प्रयोग आठवड्यावर आला होता. तो प्रवेश गाळायचं मी जड मनाने ठरवलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिच्या मुलीचा फोन आला. किनाऱ्यावर कोण उभं राहणार, तिने विचारलं. कोणीच नाही, असं मी सांगितलं.

"मी येते," ती म्हणाली.

तिने ऑफिसचे बूट काढले. फळीवर दोनदा टकटक केलं. पणजीचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आणि आईच्या नावाशी तिचा आवाज अडला. साहेब विंगेत टोपी हातात धरून उभा होता. त्या दिवशी त्याला जरा जास्तच थांबावं लागलं.