मुठीतलं बोट

कोलकात्यात डमडमच्या सोनोग्राफी केंद्रातल्या त्या डॉक्टरीणबाईंचं नाव मी विचारलंच नाही. पोटातल्या बाळाची एकच किडनी दिसते, असं त्यांनी सांगितलं. मी बाहेर येऊन साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" मला काही केल्या आठवेना. मी तशीच परत आत गेले आणि हिंदीत विचारलं, "माझं काय चुकलं?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. डाव्या हाताची सैल मूठ केली आणि उजव्या हाताचं बोट हळूच तिच्यात घातलं. "एका नळीला कोंब फुटतो. भोवतालच्या पेशी त्याला बोलावतात. तो आत शिरला की त्यांना जागं करतो. मग दोघं मिळून किडनी घडवतात."

"मग इथे गप्प कोण बसलं?"

बोट मुठीतच राहिलं. "ते मलाही सांगता येणार नाही. तुम्ही नाही, एवढं नक्की. आणि एका किडनीवरही माणसं नीट जगतात."

मला ते पटलं होतं. परवा पुन्हा ग्रहण आलं. मी दिवसभर सुरीला हात लावला नाही, आणि नवऱ्यानं काही न विचारता कांदा चिरायला घेतला.