मधलं दावं

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहून लोकांपुढे ठेवायच्या म्हणजे आगाऊपणाच वाटतो. तेवढं सांभाळून घ्यावं.

वडिलांनी वरव्याहून संकरित गाय आणली, गाभण होती. पासलीजवळच्या आमच्या वाडीत सगळी गावठी जनावरं. नवीन गाय बुजू नये म्हणून तिला मधलं दावं द्यायचं, दोन जुन्या गायींच्या मधे बांधायचं, ही आमची रीत. आईने तेच केलं. जुन्या गायींच्या अंगावर गोचीड असायचे, पण त्यांना कधी काही झालं नव्हतं. त्यामुळे गोचिडांकडे कुणी बघतच नसे.

मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा नव्या गायीने वैरण सोडली होती. अंग तापलेलं, खांद्यापुढच्या गाठी सुजलेल्या. वेल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पापणी ओढून दाखवली, आत पांढरं फटक. कानाचं रक्त काचेवर घेतलं आणि मानेत केशरी रंगाचं इंजेक्शन दिलं. गोचिडातून रक्तात गेलेले जंतू याने मरतील, म्हणाले, पण गेलेलं रक्त सावकाशच भरेल, आणि पोटातल्या वासराचं सांगता येत नाही. गावठी गायी हा ताप सोसतात, ही सोसत नाही. हिला आजच वेगळी बांधा, गोठ्याच्या फटीही फवारून घ्या.

"एकटी बांदली तर खाईल का वो ती?" आईने विचारलं.

"आता कुठं खातीय, मावशी?"

डॉक्टर गेल्यावर मी आईला समजावून बघितलं. ती म्हणाली, "हास्टेलात पयल्या राती एकट्याला झोप लागली व्हती का तुला?"

गाय मधेच राहिली.

परीक्षेसाठी मी भोरला परतलो. वाडीत मोबाईलला रेंज नाही, निरोप एसटीबरोबर येतो. रोज संध्याकाळी स्टँडवर जायचो. ओळखीचे कंडक्टरकाका लांबूनच निरोप नाही अशी मान हलवायचे. ती मधली जागा आईने मायेने दिली होती, हेच मला राहून राहून टोचायचं. रागवायचं तरी कुणावर?

शेवटी एकदा काकांनी खिडकीतून हाक मारली.

"गाय उठली, वैरण खाती. वासरू मातर गेलं."

गाडी वळता वळता ते पुन्हा डोकावले.

"आन् तुझ्या आईनं सांगितलंय, गाय आता येगळी बांदलीय."