बाईंना उभं करून माप घेतलं, त्याची गोष्ट

मंडळी, आज सकाळी सुमनबाई माझ्या डोकमर्डी गावातल्या शिलाईच्या दुकानात आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत मी नव्वद सालाच्या सुमारास शिवलेला निळा पंजाबी ड्रेस!

बाई कोकणातल्या, इथल्या शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणापासून व्हीलचेअरवर. तेव्हा शाळेच्या गॅदरिंगसाठी तो ड्रेस हवा होता. मी मोठी शहाणी! शेजारच्या दोघींना बोलावून बाईंना धरून उभं केलं आणि माप घेतलं. माप उभ्यानेच घ्यायचं, असंच शिकले होते ना.

ड्रेस घातला तर पुढे पोटाशी कापडाचा गोळा, मागे कंबर उघडी.

"हे घालून मी स्टेजवर नाही जायची," बाईंचा चेहराच पडला. मग म्हणाल्या, "अगं, मी दिवसभर बसलेली असते. मला उभं करून माप कशाला घेतलंस?"

लाजेने मेले! लगेच ड्रेस उसवला, खुर्चीतच माप घेतलं. पुढून आखूड केला, मागे ओढणीच्या जरीकाठाचा जोड दिला, खिसा मांडीवर लावला. गॅदरिंग झालं आणि दुसऱ्याच दिवशी दोन शिक्षिका चालत दुकानात हजर! "बाईंसारखी फॅशन आम्हालाही हवी."

आज बाई म्हणाल्या, "अस्साच अजून एक शिव."

खरं सांगा, तुमचाही निम्मा दिवस खुर्चीतच जातो. तुमचं माप कधी कुणी बसवून घेतलंय?