दोन पडदे, एक फूटपट्टी

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. यात माझा काही दोष नाही, असं मी बरेच दिवस समजत होतो.

जुना मॉनिटर आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आलो तेव्हाचा. मुंबईतली नोकरी सुटली आणि मी घरूनच डीटीपीची कामं करू लागलो. म्हणजे लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल आणि नशीब जोरावर असेल तेव्हा एखादं पुस्तक. आमच्या धंद्यातली जुनी खोडं पडद्यावर विश्वास ठेवत नाहीत, ती काचेला स्टीलची फूटपट्टी लावतात. छापलेलं पान शेजारी धरायचं आणि पडद्यावरचं पान तेवढंच भरतंय की नाही ते मोजायचं. माझ्या जुन्या मॉनिटरवर शंभर टक्क्यांना ठेवलेलं पान कागदाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. झालं! त्यानंतर वर्षानुवर्षं मी शंभर टक्क्यांवर पान ठेवून पट्टी लावत आलो आणि "पट्टी खोटं बोलत नाही" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सुनावत आलो.

मग मुलाने पुण्याहून नवा मॉनिटर पाठवला. फोर-के. लावला, सुरू केला आणि मला वाटलं, कुणीतरी पडद्यावर राजगिरा सांडलाय. ठिपके इतके दाट की अक्षरं मुंगीएवढी. मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, स्केल वाढवा. डोळ्यांना बरं वाटेल तिथे थांबा."

मी वाढवत गेलो. दीडपट झालं, पावणेदोनपट झालं, दुप्पट झालं. दुपटीलाही मी थांबलो नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय हे डॉक्टरला सांगण्यापेक्षा कॉम्प्युटरला सांगणं सोपं असतं, तो फी मागत नाही आणि बायकोला कळवत नाही. शेवटी अक्षरं अशी टपोरी झाली की मी खुर्चीत मागे रेलून, पोटावर हात ठेवून काम करू लागलो. जुना मॉनिटर डावीकडे तसाच, त्याच्या मूळ मापावर. एखादी खिडकी माऊसने ओढत इकडून तिकडे नेली की अर्ध्या वाटेवर ती टुणकन आकार बदलायची. मला त्याची मजा वाटायची.

त्याच सुमारास बायकोने कवितासंग्रह काढायचं ठरवलं. तिने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि उत्तरपत्रिका तपासता तपासता उरलेल्या पुरवण्यांच्या पाठीवर कविता लिहिल्या. दुसऱ्यांच्या कविता वर्गात मोठ्याने वाचण्यात तिची हयात गेली होती. आता एकदा स्वतःची कविता, स्वतःच्या पुस्तकातून, माणसांसमोर उभं राहून वाचायची एवढीच तिची हौस. माझ्याकडे कागद देताना तिने एकच अट घातली.

"अहो, अक्षर मोठं ठेवा. वाचणाऱ्या सगळ्या माझ्यासारख्याच, साठीच्या पुढच्या. माझ्या ताईला तर एका डोळ्याने जेमतेम दिसतं."

"अगं, तू मला शिकवणार?"

"नाही हो. सांगून ठेवते."

मी पानं लावली. नव्या मॉनिटरवर पाहिली आणि दचकलो. अक्षर केवढं! पहिलीचं पुस्तक वाटत होतं, 'कमळ बघ, छगन उठ' छापाचं. काचेला पट्टी लावली. पट्टीनेही साक्ष दिली की फारच मोठं आहे. मग मी बायकोच्या साहित्यिक अब्रूखातर टाईप कमी केला. आणखी थोडा कमी केला. ओळींमधली जागा आवळली. त्यावर एक नाजूक, बारीक रेघांचा फॉन्ट चढवला, कारण कविता म्हटली की नजाकत हवी. हे सगळं तिला न विचारता. पान शेवटी देखणं दिसायला लागलं तेव्हा हाक मारली.

ती ओल्या हातांनी आली, लांबूनच पाहिलं. "छान मोठं आहे की!" असं म्हणाली आणि इतकी खूष झाली की मी माऊस हातात घेऊन जरा खेळच करून दाखवला. पान ओढत डावीकडे जुन्या मॉनिटरवर नेलं. टुणकन ते आक्रसलं.

"हे काय? इथे लहान झालं."

"तो जुना आहे. त्याचं वय झालंय."

"पण खरं कुठलं?"

"नवं खरं. महागाचं आहे ते."

"मला एकदा कागदावर काढून दाखवा ना."

"प्रिंटरची शाई वाळलीय. आणि पट्टी लावून पाहिलंय मी. पट्टी खोटं बोलत नाही."

पट्टी खोटं बोललीच नव्हती. ती बिचारी पडद्यावरचं पान मोजत होती आणि पडदा मीच फुगवून ठेवला होता. माझ्या डोळ्यांच्या सोयीसाठी वाढवलेल्या आकाराला मी कागदाचा आकार समजलो आणि तेवढ्या प्रमाणात बायकोची कविता कापली. खरं माप त्या म्हाताऱ्या मॉनिटरवर होतं. ते तिला दिसलं, मला नाही.

प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकं थेट पनवेलच्या वाचनालयाच्या सभागृहातच पोहोचली. छापखान्याच्या मालकाने गठ्ठे टेम्पोतून उतरवले, मी वरची प्रत उघडली. अक्षरं मुंगीएवढी.

"हे असं कसं छापलंत?"

"तुमी दिली ती फाईल छापली, शेठ. फोन केला तर तुमीच बोललात, बदल काय नाय."

बायको तोवर व्यासपीठावर जाऊन बसली होती, नव्या इरकलीत. पाहुण्यांनी फीत सोडली, टाळ्या झाल्या, तिला पाच कविता वाचायला बोलावलं. तिने पुस्तक उघडलं. हात लांब केला. आणखी लांब केला. चष्मा कपाळावर चढवला, मग खाली घेतला. पहिली ओळ पाठ होती, ती म्हटली. दुसरीही म्हटली. तिसऱ्या ओळीवर अडली आणि पानात शोधू लागली. समोर पहिल्या रांगेत ताई पुस्तक नाकाला लावून बसल्या होत्या. सगळ्या सभागृहात तेच चाललं होतं, कुणी पुस्तक दूर नेतंय, कुणी जवळ आणतंय.

सूत्रसंचालन करणारी मुलगी मदतीला धावली. "मॅडम, मी वाचू?" तिचे डोळे तरुण होते. तिने पाचही कविता वाचल्या. प्रत्येक ओळीनंतर टाळीसाठी थांबत, चुकीच्या शब्दावर जोर देत वाचल्या. बायको शेजारच्या खुर्चीत बसून, मांडीवर मिटलेलं पुस्तक ठेवून, विद्यार्थिनीचं ऐकतात तसं ऐकत राहिली.

घरी येताना रिक्षात मी म्हणालो, "मी उद्याच बसतो. सगळं नव्याने लावतो, मोठं."

"उद्या कुठलं प्रकाशन आहे?" ती म्हणाली.

ती रागावली असती तर मी चार विनोद करून निभावून नेलं असतं. ती रागावली नाही. काही दिवसांनी पाहिलं तर पलंगाखालच्या गठ्ठ्यातली एक प्रत कमी. ती स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली होती, एकेक पान मोठं करून घेतलं होतं आणि प्लॅस्टिकच्या स्पायरलने बांधून आणलं होतं. ट्यूशनच्या नोट्स असतात ना, तसं. आता कुणी मागितलं की ती ते देते. ताईंना तेच दिलं. मी केलेली देखणी आवृत्ती कुणी मागत नाही आणि ती कुणाला देत नाही.

एकदा ती घरात नसताना मी ते स्पायरल चाळलं. अक्षर ठसठशीत होतं, कडा जरा काळवंडलेल्या. अर्पणपत्रिका होती, अनुक्रमणिका होती, सगळ्या कविता होत्या. आतल्या पहिल्या पानावर 'मांडणी' असं लिहून पुढे मी माझं नाव टाकलं होतं. ते पान मात्र नव्हतं. संध्याकाळी मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "एक पान राहिलं वाटतं झेरॉक्स करायचं?"

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

"राहिलं नाही. त्यात कविता नव्हती."